दोष इंग्रजीचा नाही



परदेशी संशोधक विद्यार्थी उचलेगिरी करतात, कारण त्यांचे इंग्रजी कच्चे असते, हे आपल्या अंकातील एका पत्रलेखकाचे निदान चुकीचे आहे. पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उतरवला की गुण मिळतात, ही सवय आपल्याकडे गाइडवर पदवीधर झालेल्यांनाही आहेच. त्यांच्या इंग्रजीला कोण दोष देतो?

तपासणी कडक करण्याचा त्यांचा उपायही अपुराच. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. शब्द फिरवून तेवढे साधता येते. पण वाचलेले समजले का, ते अशा तपासणीतून कळत नाही. त्यासाठी एकच शोधनिबंध समोर ठेवावा. दावा कोणता, पुरावा कोणता, लेखक नुसतेच ठासून कुठे सांगतो, हे विद्यार्थ्याने पेन्सिलीने समासात लिहावे. मग निबंध मिटून सार स्वतःच्या वाक्यांत मांडावे.

‘तयार होऊनच यावे’ हा पत्रलेखकाचा सल्ला तर छत्रपती संभाजीनगरात मुळीच शोभत नाही. ज्यांचे नाव इथल्या विद्यापीठाला आहे, ते डॉ. आंबेडकर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात परदेशी विद्यार्थीच होते. जातिसंस्थेवरचा त्यांचा निबंध ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला गेला. विद्यार्थ्याची तयारी अशा चर्चासत्रातच होते; ते आपल्याकडे किती विभागांत चालते?

विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेते, तर त्याने पहिल्या सत्रातच वाचन-लेखनाचा वर्गही द्यावा.

– एक निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर