कुंडलचा अनुस्वार

गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. त्यातला निम्मा काळ मुलांच्या वह्यांत राहून गेलेले अनुस्वार देण्यात गेला असेल. त्यामुळे माझ्याच देखरेखीखाली भरलेल्या टोपीवर 'कुडल' असे उमटले, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल, हे वाचकांनीच ताडावे.

निमित्त होते मामांच्या नव्वदीचे. माझे आजोळ कुंडल. गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पूर्वी ते औंध संस्थानात होते. याच गावाच्या नावाच्या स्टेशनाजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९४३ पासून प्रतिसरकारच्या धामधुमीत कुंडलचे नाव साऱ्या सातारा भागात गाजले. मामा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. आजोबा मात्र त्या दिवसांतही उघड्या माथ्याने कधी फिरले नाहीत. डोक्यावर खादीची पांढरी टोपी असायचीच. त्यातली एक टोपी मामांनी ट्रंकेत जपून ठेवली होती.

भाचेमंडळींनी ठरवले की, समारंभाला सर्वांनी पांढऱ्या टोप्या घालायच्या आणि त्यांवर निळ्या धाग्याने 'कुंडल' भरून घ्यायचे. तीस टोप्या आणल्या. घडीचा नमुना म्हणून मामांनी आजोबांची टोपीही दिली. "जपून ने रं," एवढेच म्हणाले. मी सगळे गाठोडे एका एम्ब्रॉयडरीच्या दुकानात नेऊन टाकले आणि नमुन्याची टोपी निराळी बांधायला विसरलो. चूक तिथेच झाली.

संध्याकाळी तीन टोप्या तयार होत्या. पहिलीवर अक्षरांभोवती चुण्या पडल्या होत्या. दुसरीवर अनुस्वारच नव्हता. तिसरीवर अनुस्वाराच्या जागी भोक होते, आणि ती तिसरी टोपी आजोबांची होती.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने १९६२ साली स्वीकारले आणि कितीतरी अनुच्चारित अनुस्वारांना रजा मिळाली. 'कुंडल'मधला अनुस्वार चांगला खणखणीत उच्चारला जातो. त्याला महामंडळाने हात लावला नाही, सरकारने लावला नाही. लावला तो यंत्राने!

उरलेल्या टोप्या घेऊन मी दुसऱ्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्यांनी आधी टोपी उलटी केली. "सर, दुखणं नेहमी उलट्या बाजूनं बघावं," ते म्हणाले. जाड टाक्याच्या पाठीमागे मधोमध सुमारे एक तृतीयांश पट्टा बॉबिनच्या धाग्याचा दिसला, तर ताण बरोबर असतो. इथे तो बरोबर होता. "धागा तुटला की लोक पहिल्यांदा ताणाचा स्क्रू पिळतात. आणि चूक भलतीकडेच असते."

मग त्यांनी एकेक चूक उलगडून दाखवली. शिवलेली टोपी साध्या रिंगमध्ये सपाट बसत नाही. कापड सैल राहते, सुईबरोबर वर उचलले जाते. मग टाका सुटतो नाहीतर धागा तुटतो. शिवाय प्रत्येक टाका कापडाला आत ओढत असतो. खादीची वीण मोकळी, आणि खाली आधाराचा कागद लावलेला नव्हता; चुण्या पडणारच. त्यात भरण्याची सुरुवात डावीकडच्या 'क'पासून झाली होती. टोपीवर मधून, खालच्या अंगाने सुरू करून बाहेर जावे, म्हणजे कापडाचा सैलपणा कडेला सरकत जातो.

"आणि अनुस्वार?" मी विचारले.

"नक्षी मोठ्या मापाची होती, ती नुसती लहान केली. टाके तेवढेच राहिले. एवढ्याशा ठिपक्यात सुई त्याच त्या जागी आपटत राहिली. नवं कापड असेल तर धागा तुटतो, जुनं असेल तर कापड फाटतं."

त्यांनी पंचिंग नव्या मापाने केले, अनुस्वार मोजक्या टाक्यांचा छोटा शंकरपाळ्यासारखा केला आणि सुई बारीक, तीक्ष्ण टोकाची घातली. नव्या टोप्यांच्या दर्शनी पट्ट्या उसवून सपाट केल्या, कागद लावून भरल्या आणि मग पुन्हा शिवल्या. "पुढच्या वेळी टोपी शिवायच्या आधीच आणा," असेही बजावले. अक्षरे छापल्यासारखी आली. वर्गात एखादा मुलगा अडखळला की आपणही आधी ताणाचाच स्क्रू पिळतो, हे मला परत येताना एस.टी.त सुचले.

पण आजोबांच्या टोपीचे काय? ती घेऊन मी मामांपुढे उभा राहिलो तेव्हा चाळीशी उलटलेला प्राध्यापक उरलो नव्हतो. मामांनी टोपी हातात घेतली, भोकावरून बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, रागावले असते तर बरे झाले असते.

"इचारलं का न्हाईस मला?" एवढेच म्हणाले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मामींनी चष्मा लावला. निळे टाके एकेक करून उसवले आणि पांढऱ्या दोऱ्याने भोक हाताने रफू केले. चार दिवस लागले. समारंभाला आम्ही सारे नव्या टोप्या घालून मिरवलो. मामांनी मात्र आजोबांची टोपी घातली. तिच्यावर अक्षर एकही नव्हते. जवळून पाहिले तर रफूचा एक बारीक पांढरा ठिपका तेवढा दिसत होता.

तो ठिपका मी ओळखला. इतरांना कुणी सांगितले नाही आणि मीही बोललो नाही. आता वह्या तपासताना एखादा अनुस्वार राहिलेला दिसला की मी तो पूर्वीसारखा दाबून देत नाही. लाल पेन जरा हलकेच टेकवतो.