पाठ फिरवताना

१९७८ च्या जानेवारीत, लंडनमधील माझ्या खोलीच्या दाराखालून एक जाड, सोनेरी कडेचे कार्ड सरकवलेले आढळले. प्रजासत्ताकदिनानिमित्त भारताच्या उच्चायुक्तांनी इंडिया हाऊसमध्ये स्वागतसमारंभ योजला होता आणि काही विद्यार्थ्यांनाही निमंत्रण होते. जावे की न जावे, हे दोन दिवस ठरेना. अभ्यास हे सांगण्याचे कारण. खरे कारण असे की, माझ्या जुन्या लोकरी कोटाचे एक बटण निराळ्याच रंगाचे होते.

शिवाय दरबारी शिष्टाचाराची धास्ती आम्हा बडोदेकरांना वारशानेच मिळालेली! १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात श्रीमंत सयाजीराव महाराज बादशहा पंचम जॉर्जपुढे एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले. त्यावरून केवढे वादळ उठले. महाराजांना व्हाइसरॉयकडे लेखी दिलगिरी द्यावी लागली. तो अनवधानाने घडलेला प्रमाद की जाणूनबुजून दाखवलेला बाणा, यावर आमच्या घरी आजोबांचे आणि बाबांचे कधी एकमत झाले नाही. इंडिया हाऊसचे उद्घाटन १९३० मध्ये त्याच बादशहाने केले होते, हे आठवून तर मला अधिकच धडकी भरली.

अखेर आईने दिलेली इरकली साडी नेसून गेले. कोट दाराशीच काढून घेतात, हे तेथे गेल्यावर कळले. दोन दिवसांची काळजी फुकट!

यजमान पतिपत्नी दाराशी उभे होते. हस्तांदोलन करावे, एखादे वाक्य बोलावे आणि पुढे सरकावे, अशी रीत. मी मात्र 'आपण कुठल्या?' या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देऊ लागले. मागे रांग खोळंबली. कोणीतरी हलकेच कोपराला स्पर्श करून मला पुढे नेले. ते आफ्रिकेतील एका चिमुकल्या देशाचे वृद्ध प्रतिनिधी होते.

मी ओशाळले होते. ते हसून म्हणाले, "तुमच्यामुळे कोणी मेले तर नाही ना? या शहरात तेही झाले आहे." १६६१ मध्ये स्वीडनच्या वकिलाच्या आगमनप्रसंगी कोणाची बग्गी पुढे, यावरून फ्रेंच आणि स्पॅनिश वकिलांच्या लोकांत भर रस्त्यात लढाई जुंपली, माणसे पडली, घोडी पडली. असल्या तंट्यांवर १८१५ मध्ये व्हिएन्नात तोडगा निघाला आणि १९६१ च्या करारानेही तोच कायम केला. एकाच दर्जाच्या वकिलांत ज्येष्ठता ठरते ती देशाच्या आकारावरून नव्हे, तर तेथे अधिकारावर रुजू झाल्याच्या दिवसावरून आणि वेळेवरून.

"माझ्या देशाची वस्ती तुमच्या बडोद्याहून थोडीच अधिक असेल," ते म्हणाले, "पण मी येथे सहा वर्षे आहे. म्हणून मोठमोठ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी माझ्या मागे उभे राहतात." हे सांगताना त्यांची मान किंचित ताठ झाली. मला ते फार आवडले.

पेला डाव्या हातात धरावा, म्हणजे हस्तांदोलनाला उजवा हात कोरडा राहतो, हेही त्यांनीच शिकवले. मग समोसा कोणत्या हाताने खावा, याचे उत्तर मात्र त्यांच्यापाशीही नव्हते.

त्या रात्री मी बाबांना चार पानी पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. कुशलवृत्तानंतर एवढेच होते : 'उच्चायुक्तांपुढून निघताना तू पाठ फिरवलीस की नाही, ते लिहिले नाहीस. आजोबा रोज विचारतात.'