टोपी फिरली, पण मोरपिसं तिथंच! : मुलांना ‘लेअर’ शिकवताना



संगणकावर चित्र काढणं म्हणजे वेळ घालवणं, असं अजूनही बऱ्याच घरांत समजलं जातं. आणि शाळेत संगणकाच्या तासाला आपण चित्राचं सॉफ्टवेअर शिकवतो ते असं : हे ब्रश, हे खोडरबर, इथे क्लिक कर, झालं! माझं स्पष्ट मत आहे की यात शिकवण्यासारखी खरी गोष्ट सुटून जाते. ती गोष्ट म्हणजे लेअर, आणि लेअरवर काम करताना लागणारा विचार.

एक उदाहरण घेऊ. लोककलेच्या प्रकल्पासाठी आठवीतल्या मुलीनं वासुदेवाचं चित्र काढायला घेतलंय. एका लेअरवर रेषा, त्याखालच्या लेअरवर रंग, तिसऱ्यावर सावल्या आणि सगळ्यात खाली गावाची पार्श्वभूमी. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट एकावर एक ठेवाव्यात, तसंच हे. चित्र छान झालं. पण आता तिला वाटतंय की वासुदेवाची मान थोडी कलती हवी. ती डोक्याभोवती आणि टोपीभोवती सिलेक्शन करते, फिरवते, आणि काय होतं? टोपीच्या रेषा फिरतात, मोरपिसांचा रंग मात्र होता तिथंच राहतो!

मूल म्हणतं, “सर, सॉफ्टवेअर बिघडलं.” सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. सिलेक्शन हे सगळ्या चित्रावर दिसतं, पण काम होतं ते त्या वेळी निवडलेल्या लेअरवरच. ‘कुठला भाग’ आणि ‘कुठला थर’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलानं पहिल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्याचं दिलंच नाही.

सोपी पळवाट, महाग सवय

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : “सगळे लेअर एकत्र कर आणि मग फिरव.” म्हणजे फ्लॅटन. काम होतं, दोन मिनिटांत होतं. पण डोक्यामागचं गावही डोक्याबरोबर फिरतं. आणि फाइल तशीच सेव्ह करून बंद केली, की रेषा, रंग, सावली पुन्हा कधीच वेगळे होत नाहीत. उद्या टोपीचा रंग बदलायचा म्हटलं तर तिला दोन तासांचं काम पुन्हा करावं लागणार. पुष्कळ मुलं इथंच कंटाळून सोडून देतात, आणि आपण म्हणतो, “याला चिकाटी नाही.”

शिंप्याचं काम आठवा. ब्लाउजचं कापड आणि अस्तर एकत्र कापायचं असेल तर तो दोन्ही कापडं खळ लावून चिकटवून टाकत नाही. टाचण्या लावतो, कापतो, टाचण्या काढतो. टाचलं नाही तर अस्तर सरकतं. चिकटवलं तर पुढं शिवताच येत नाही. मुलांना शिकवायचं आहे ते हे टाचणं.

मग करायचं कसं?

गिम्प, क्रिता, फोटोशॉप यांपैकी काहीही वापरा, पुढची पद्धत चालते. गिम्प आणि क्रिता तर मोफत आहेत, त्यामुळे चोरीची सीडी शोधायची गरज नाही.

१. आधी फाइलची एक प्रत करून ठेवा.

२. डोकं आणि टोपी यांच्याभोवती सिलेक्शन करा. ते पुसू नका.

३. रेषांच्या लेअरवर जा. निवडलेला भाग कट करून, आहे त्याच जागी, नव्या लेअरवर पेस्ट करा. त्याला ‘डोकं-रेषा’ असं नाव द्या. पेस्ट करताना सिलेक्शन निघून गेलं तर ते परत आणा. मग तेच रंगाच्या आणि सावलीच्या लेअरवर करा. पार्श्वभूमीला हात लावू नका.

४. सिलेक्शन काढून टाका. आता ही तीन नवी लेअर टाचा. गिम्पच्या जुन्या आवृत्तीत त्यासाठी साखळीची खूण आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० मध्ये एकाच वेळी अनेक लेअर निवडता येतात. क्रिता आणि फोटोशॉपमध्ये तिन्ही एका ग्रुपमध्ये टाका.

५. फिरण्याचा मध्यबिंदू मानेवर आणा आणि एकदाच फिरवा. रेषा, रंग, सावली तिन्ही बरोबर फिरतील.

६. मानेजवळ फट पडली असेल तर ज्या त्या लेअरवर भरा. मग हवं तर ‘डोकं-रेषा’ पुन्हा रेषांमध्ये मिसळा, ‘डोकं-रंग’ रंगामध्ये. थर शाबूत राहिले!

‘एकदाच फिरवा’ हे मुद्दाम लिहिलंय. चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. पाच अंश फिरवलं, पसंत नाही, पुन्हा पाच अंश फिरवलं, की दर वेळी सॉफ्टवेअर ठिपके नव्यानं मोजतं आणि कडा धूसर होत जातात. म्हणून पसंत नसेल तर त्यावरच आणखी फिरवू नये. अनडू करून मूळ जागेवरून नवा कोन द्यावा.

हा विचार चित्रापुरता नाही

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, मूल काय चित्रकार होणार आहे? एक्सेलमधली निकालाची यादी आठवा. फक्त गुणांचा रकाना निवडून उतरत्या क्रमानं लावला आणि नावांचा रकाना तसाच राहिला, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावासमोर जातात. वासुदेवाची टोपी आणि मोरपिसं यांची जी गत, तीच इथे. फक्त इथे कुणाचा तरी निकाल बदलतो. ‘मी काय निवडलंय, आणि त्याच्याबरोबर आणखी काय हलायला हवं?’ हा प्रश्न विचारायची सवय चित्रातून लागली तर ती आयुष्यभर कामाला येते.

म्हणून दोन विनंत्या. शिक्षकांनी प्रकल्प तपासताना फक्त छापील चित्र बघू नये, मूळ फाइल उघडायला सांगावी. लेअरना नावं दिली आहेत का, रंग वेगळा करता येतो का, याला दोन गुण ठेवावेत. नुसती दिसायला सुंदर पण सपाट करून टाकलेली फाइल आणि थोडी वेडीवाकडी पण सुधारता येण्याजोगी फाइल यांत मी दुसरीला जास्त गुण देईन.

आणि पालकांनी “किती वेळ बसलायस त्या कॉम्प्युटरपुढं!” म्हणण्याआधी शेजारी बसून एवढंच विचारावं, “ही टोपी वेगळी करून दाखव बघू.” मुलानं दाखवली, तर समजा तो वेळ वाया गेलेला नाही. नाही दाखवता आली, तर वरच्या सहा पायऱ्या त्याच्याबरोबर बसून करून पाहा. आपल्यालाही येतील.