मक्याचा चीक आणि काट्यावरचा कडता

कुरडयांसाठी गव्हाचा चीक कसा काढतात, हे घरातल्या बायामाणसांना विचारा. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, चोथा बाजूला आणि तळाशी बसलेला चीक घ्यायचा. स्टार्चच्या कारखान्यात मक्याचे हेच होते. तिथे कोमट पाण्यात थोडा गंधकाचा वायू मिसळून मका दीड-दोन दिवस भिजवतात, मग भरडतात. कोंब तेलकट, म्हणून हलका. तो वर येतो. उरलेले बारीक दळून साल चाळून काढतात. पिवळी प्रथिने वेगाने फिरणाऱ्या यंत्रात वेगळी होतात. राहते ते पांढरेशुभ्र स्टार्च, क्विंटलमागे साधारण साठ-पासष्ट किलो.

किराणा दुकानातले कॉर्नफ्लोअर ते हेच. गिरणीतले पिवळे मक्याचे पीठ निराळे, बरे का! पण सूप-कस्टर्डला लागून लागणार किती? मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या सुताला खळ लागते, औषधाच्या गोळीला बांधणी लागते, बिस्किटवाल्यांना ग्लुकोज लागते. आपली डाळिंबे ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून जातात, त्याचे थरसुद्धा स्टार्चच्याच खळीने चिकटवतात.

कारखाना दाण्यातले काही वाया घालवत नाही. कोंबाचे तेल निघते. साल, प्रथिने आणि पेंड पशुखाद्यात जातात. तीच पोती आपण पैसे मोजून गोठ्यात आणतो. भिजवणीचे पाणीही आटवून विकतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत पेनिसिलीनचे उत्पादन वाढले ते याच पाण्याच्या जोरावर.

आणि आपण? आपण काट्यावर व्यापारी म्हणेल तो कडता मान्य करून घरी येतो.

ओल्या मक्याचे वजन कापणे रास्त आहे. बुरशी लागली तर तो माल कोणाच्याच कामाचा नाही. पण कापायचे किती? हिशेब सोपा आहे. २० टक्के ओलाव्याच्या शंभर किलो मक्यात कोरडा माल ८० किलो. तो १४ टक्क्यांपर्यंत वाळवला की ९३ किलो भरतो. म्हणजे घट सात किलो. ओलावा २४ टक्के असेल तर घट साडेअकरा-बारा किलो. त्यापुढे कापलेला प्रत्येक किलो ओलाव्याचा नाही, तुमच्या खिशातला आहे. २०२५-२६ च्या २४०० रुपये हमीभावाने तो २४ रुपयांचा होतो.

बाजार समित्यांनी ओलावा मोजायचे यंत्र सर्वांना दिसेल असे काट्याशेजारी ठेवावे आणि त्याचा आकडा हिशेबपट्टीवर लिहायला लावावा. तोवर ट्रॉली खाली करण्याआधी आपणच तो आकडा मागा. आणि जमेल त्याने ताडपत्रीवर दोन-तीन उन्हे देऊनच माल न्यावा.