फोड आला, संशय आला

परवा दुपारी गच्चीवरचे पापड गोळा करत होते, तर ओळखीतली एक मुलगी दारात उभी. लग्नाला सहा वर्षं, पदरात एक लेक. पाणी प्यायली आणि रडायलाच लागली. "काकू, ह्यांना वाटते मी कुठंतरी शेण खाल्लं. देवाशपथ नाही हो!"

झालं होतं असं, की तिला अंगावर जाण्याच्या जागी पाण्याचे फोड आले, लघवीला आग, अंगात ताप. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी तपासलं, कागदावर 'हर्पीस' लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, नागीण असेल, गेरूचा लेप लावा. नवऱ्याने मोबाइलवर शोधलं, त्याला भलतंच सापडलं. तेव्हापासून तो बैठकीत झोपतो.

चुकले दोघंही. नागीण म्हणजे अंगात दडून राहिलेला कांजिण्यांचा विषाणू पुन्हा उठणं. (तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही नुसती भीती.) तिला झालेला हर्पीस त्याचा चुलतभाऊ. त्याचे दोन प्रकार. एक बहुधा ओठावर फोड आणतो, लहानपणी कुणी घेतलेल्या पापीतूनही लागतो. मुखावाटे संबंध आला तर तोच खालीही जातो. दुसरा शरीरसंबंधातून पसरतो. बादली, चादर, संडास यांच्यावर आळ घेऊ नका. तो त्वचेला त्वचा लागून जातो, आणि मुख्य म्हणजे फोड दिसत नसतानाही जातो. पुरुषाकडून बाईला तो जास्त सहज लागतो.

एकदा शिरला की नसांच्या मुळाशी मुक्कामच. पुष्कळांना फोड येतच नाहीत, किंवा इतके बारीक, की घामोळं म्हणून सोडून देतात. पहिले ठळक फोड लागण झाल्यावर कित्येक वर्षांनीही येऊ शकतात. म्हणजे कोणी कोणाला, कधी दिलं हे फोड बघून ठरत नाही. मी तिला सहज विचारलं, त्यांना कधी असं? "लग्नाआधीपासूनच दर उन्हाळ्यात मांडीपाशी काहीतरी येते नं त्यांना. पावडर लावतात." मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण संशयाचं बोट एकीकडेच का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८४.६ कोटी लोकांना हा जननेंद्रियांचा हर्पीस होता. पाचातला एक! एवढे सगळे बदफैली म्हणायचे का? आपल्या बायका तर दुखणं सांगतच नाहीत. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० जणींची तपासणी केली, ती १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग वा लैंगिक रोग निघाले. त्याआधी तपासून घेतलेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

माझा राग त्या फोडावर नाही, त्या एका शब्दाच्या कागदावर आहे. दोघांना समोर बसवून दहा मिनिटं सांगितलं असतं तर? की फोड असताना, किंवा जागा चुरचुरू लागली की जवळ येऊ नका. कंडोमने धोका कमी होतो, पण झाकली न जाणारी त्वचा उरतेच. ज्याला रोग आहे त्याने रोज गोळी घेतली, तर जोडीदाराला लागण्याचा धोका जवळपास निम्मा होतो. १४८४ जोडप्यांवरचा तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. गोळ्यांनी रोग मुळातून जात नाही, पण दबतो. आणि दिवस राहिले तर डॉक्टरांपासून लपवू नका. शेवटच्या महिन्यांत नव्याने लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

सरकारी रुग्णालयांत याच दुखण्यांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, उपचार फुकट. तिला म्हटलं, एकटी जाऊ नको, त्यांना घेऊन जा. शुक्रवारी दोघं 'मेडिकल'ला जाणार आहेत. हो म्हणायला त्याने दोन दिवस घेतले. सासूबाईंना काय सांगायचं, ते मात्र अजून ठरलेलं नाही.