जाते निघाले मेलबर्नला

राहात्यात बसून मी समुद्रावर लिहायला घेतले आहे हे ऐकून आमच्या सौ.ना हसू आले. हसण्यासारखेच आहे. आमच्याकडचे पाणी म्हणजे गोदावरीच्या उजव्या कालव्याचे. त्याचे आवर्तन वेळेवर सुटले की पेरूच्या बागा तरारतात आणि लांबले की माणसांची तोंडे सुकतात. बोट आम्ही पाहतो ती सिनेमात. तरीही समुद्र आमच्या दारावरून रोज जातो, असे मी म्हणतो ते उगाच नव्हे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहून पाहा. खड्ड्यांतून धडधडत एखादा लांबलचक ट्रेलर येतो. त्याच्या पाठीवर निळा नाहीतर विटकरी रंगाचा लोखंडी पेटारा असतो आणि पेटाऱ्यावर कुठल्या तरी परदेशी कंपनीचे हातभर अक्षरांत नाव. आत कधी कांदा असतो, कधी द्राक्षे. हा पेटारा सकाळी न्हावा-शेव्याला पोचायचा असतो.

त्याला कंटेनर म्हणतात हे आमच्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. या शब्दाला मराठी प्रतिशब्द काय द्यावा, याचा मी एकदा वर्गात बराच खल केला होता. 'मालपेटी' हा माझा शब्द मुलांनी हसण्यावारी नेला. पुढे ८ डिसेंबर २०२३ला सरकारने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली, तेव्हा बाजार समितीच्या आवारात जो तो कंटेनर हाच शब्द बोलत होता. मालपेटी अडकली म्हणून कोणी कपाळाला हात लावलेला मला आढळला नाही. तेव्हापासून मी प्रतिशब्दांचा नाद सोडला.

असो. दुसऱ्यांचे कंटेनर पाहण्यात आयुष्य गेले असते, पण यंदा आमच्याच घरातला माल बोटीवर चढवायची वेळ आली. सगळा कंटेनर नव्हे, त्यातला एक कोपरा. गोष्ट आहे माझ्या धाकट्या बहिणीची. ती अठरा वर्षे मेलबर्नला असते. आई गेल्यावर आमचा जुना वाडा पाडून तिथे इमारत बांधायची असे ठरले. बिल्डरला कागद स्वच्छ हवे होते. तेव्हा बहीण पंधरा दिवसांसाठी आली आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तिने हक्कसोडपत्रावर सही केली.

वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर झाला. कायदा उत्तमच आहे. पण कायदा झाल्यावर आपल्या समाजाने जो कागद सर्वांत झटपट आत्मसात केला तो हक्कसोडपत्राचा, हे कोणत्याही तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणारा दस्तलेखक सांगेल. आमच्याही दस्तात 'विनामोबदला' हा शब्द होता. मी मराठीचा प्राध्यापक. त्या शब्दाचा समास मला सोडवता येतो. त्या दिवशी मी तो सोडवायच्या भानगडीत पडलो नाही. सहीला पेन माझेच दिले.

विमानात बसायच्या आदल्या रात्री ती म्हणाली, "दादा, आईचं जातं आणि पाटा-वरवंटा मला हवाय. तांब्याचा बंब आणि ती मोठी परातही. पाठवशील ना?"

"पाठवतो की," मी म्हणालो. भाऊ असे पुष्कळ काही म्हणत असतात.

पुढे वाडा रिकामा करताना जाते अंगणात निघाले. शेजारच्या भुसार दुकानातल्या काट्यावर तोलले, तर एकटे जातेच अडतीस किलो भरले. विमानाच्या दराने त्याचा हिशेब केला आणि मी मटकन खाली बसलो. मग मुंबईच्या एका एजंटाचा पत्ता मिळाला. तो म्हणाला, "सर, समुद्रामार्गे पाठवा. वजनाची चिंताच करू नका. आम्ही जागा मोजतो."

हे खरे निघाले. थोडा माल असला की पुष्कळ लोकांचा माल एकाच कंटेनरात भरतात. भाडे घनमीटरावर असते, म्हणजे एक मीटर लांब, रुंद व उंच एवढ्या जागेवर. माल एका घनमीटरात एक टनाहून जड असला तरच वजन मोजायचे. वीस फुटी पेटाऱ्यात सुमारे तेहतीस घनमीटर जागा असते. आमचा सगळा संसार एक घनमीटर आणि वर थोडा भरला. त्याचे जे समुद्रभाडे एजंटाने सांगितले, ते ऐकून माझा विश्वास बसेना. राहात्याहून पनवेलपर्यंतच्या टेम्पोला त्याहून जास्त पडत होते!

एवढी स्वस्ताई कशाने? पूर्वी बोटीवर माल चढायचा तो माणसांच्या पाठीवरून. पोती, पिंपे, गासड्या, खोकी, एकेक नग उचलायचा आणि एकेक नग रचायचा. बोट दिवसेंदिवस धक्क्याला उभी राही आणि खर्च होई तो त्या उभे राहण्याचा. अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाचा एक ट्रकवाला होता. त्याने विचार केला की ट्रकमधला माल उतरवायचाच कशाला? पेटाराच्या पेटारा उचलून बोटीवर ठेवावा. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याची 'आयडियल एक्स' ही बोट न्यूअर्कहून अठ्ठावन्न पेटारे घेऊन ह्यूस्टनला निघाली. सुटा माल चढवायला टनामागे पावणेसहा डॉलरांच्या वर पडत. पेटाऱ्याने ते काम सोळा सेंटांच्या आसपास झाले. मग सगळ्या जगाने पेटाऱ्यांची मापे एक केली, वीस फूट आणि चाळीस फूट. म्हणून राहात्यात कांदा भरलेली पेटी कुठल्याही देशाच्या यारीत, बोटीवर आणि ट्रकवर बसते.

आपल्याकडे मुंबईच्या गोदीवर पोसलेली हजारो घरे होती, त्यांचे पुढे काय झाले हे गिरणगावाच्या शेजारी राहिलेल्यांना सांगायला नको. पलीकडच्या तीरावर न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाड्यातली कुटुंबे उठवून उरणजवळ वसवली, आणि तिथे त्यांच्या घरांना वाळवी लागली. स्वस्त भाड्याच्या हिशेबात ही घरे कोणी धरली नव्हती.

आता आमच्या सामानाकडे येतो. ऊसपट्ट्यातला माणूस मी. परात आणि बंब पोचू नये म्हणून उसाचे वाळके पाचट ठासून भरले, वर सुताराकडून फळ्यांचे खोके ठोकून घेतले आणि मोठ्या अभिमानाने फोटो एजंटाला धाडला. पाच मिनिटांत त्याचा फोन. "सर, हे काय केलंत? पाचट ऑस्ट्रेलियात चालणार नाही. आणि खोक्याच्या लाकडावर शिक्का कुठाय?"

मग कळले की परदेशी जाणारे खोके साध्या लाकडाचे चालत नाही. लाकूड आतपर्यंत छप्पन्न अंश सेल्सिअस तापवून तसे अर्धा तास ठेवायचे, नाहीतर त्याला विषारी धुरी द्यायची, आणि त्यावर कणसाच्या चित्राचा शिक्का मारून घ्यायचा. कारण लाकडात किडे असतात आणि एका देशाचा किडा दुसऱ्या देशाचे जंगल खातो. ऑस्ट्रेलियाचे लोक याबाबत फार कडक. माती, पेंढा, बी-बियाणे यांतले काहीही त्यांना नको. आणि त्यांची सर्वांत मोठी धास्ती आहे ती आपल्या खपरा भुंगेऱ्याची! आपल्या कणगीतला हा किडा. याची अळी अन्नाशिवाय काही वर्षे फटीत निपचित पडून राहू शकते. फ्रिजसारख्या, धान्याशी काही संबंध नसलेल्या मालाच्या कंटेनरांतही तो तिकडे सापडला, म्हणून २०२० सालापासून त्यांनी नियम आणखी आवळले. घरसामानातून तांदूळ, हरभरा, जिरे असले काही पाठवायची सोय राहिली नाही. सौ.नी नणंदेसाठी म्हणून डब्यात घातलेले घरचे जिरे मुकाट्याने परत काढून घेतले.

मग आम्ही उभयतांनी तीन रविवार अंगणात बसून जाते घासले. जाते घासणे हे काय प्रकरण असते ते घासल्यावाचून कळत नाही. टाकी लावणाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाडलेल्या त्या बारीक खाचा, त्यांत आईच्या हातच्या पिठाचा काळा पडलेला थर. दाभणाने उकरा, दात घासायच्या ब्रशाने झाडा, मग कढत पाणी. सौ. मध्येच थांबल्या नि म्हणाल्या, "अहो, हे सगळं धुतल्यावर यात सासूबाईंचं राहिलं काय?" मी म्हणालो, "दगड." जात्याचा बाभळीचा खुंटा पाहिला तर त्याला दोन भोके होती. एजंट म्हणाला, भोके दिसली की तपासणीत अडकेल, धुरीचा खर्च तुमच्या माथी, नाहीतर जाळून टाकतील. खुंटा मी काढून ठेवला.

राहिली यादी. जकातीसाठी प्रत्येक वस्तूचे नाव, नग, नवी की वापरलेली, आणि शेवटच्या रकान्यात किंमत. 'जाते, दगडी, वापरलेले, एक' इथवर पेन सरळ चालले. किंमत काय लिहू? भंगारवाल्याने बंबाची सांगितली, परातीची सांगितली. जात्याकडे पाहून तो म्हणाला, "याचं काय द्यायचं सर? उचलायचेच पैसे तुम्ही मला द्या." एकंदर बेरीज एवढी क्षुल्लक झाली की वाहतूक तिच्या सातपट भरत होती. मी वैतागून म्हणालो, "याच पैशांत तिला तिकडे नवा मिक्सर येईल. हा शुद्ध वेडेपणा आहे!"

सौ. भाजी निवडीत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "वाड्याचा कागद केला तेव्हा किमतीचा रकाना होता का हो त्यात?"

मी यादी पुरी केली.

विम्याच्या अर्जावर आणखी एक गंमत वाचायला मिळाली. बोट संकटात सापडली आणि ती वाचवण्यासाठी कप्तानाने काही माल समुद्रात फेकला किंवा मोठा खर्च केला, तर ते नुकसान ज्याचा माल शाबूत राहिला त्यांनीही वाटून घ्यायचे, असा दर्यावर्दी लोकांचा फार जुना कायदा आहे. २०२१च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' ही अजस्र बोट आडवी रुतली होती, तेव्हाही तो लावण्यात आला. एकमेकांचे तोंडही न पाहिलेले लोक तोटा वाटून घेतात! एकत्र कुटुंबांच्या वाटण्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, तिथे असे कलम आढळले नाही. विमा उतरवला.

पनवेलजवळच्या गोदामात आमच्या खोक्याच्या शेजारी कोणाची गाद्यांची बोचकी होती, कोणाचा देव्हारा, कोणाच्या पुस्तकांच्या पेट्या. एकाचा कागद अडला की सगळ्यांचा पेटारा अडतो. आमचा नऊ दिवस अडला. पुढे सिंगापूरला बोट बदलली आणि सात आठवड्यांनी खोके मेलबर्नला लागले. आणि तिथे समुद्राची स्वस्ताई संपली! पेटारा उघडण्याचे पैसे, गोदामाचे पैसे, कागदांचे पैसे, जैविक तपासणीचे पैसे. ही बिले बहिणीच्या नावाने निघाली. एजंटाने राहात्यात बोलताना यातले अक्षरही काढले नव्हते. "ते पलीकडचे चार्जेस, सर," एवढे त्याचे उत्तर. पुढे बिले मांडून पाहिली, तर साऱ्या खर्चात समुद्राचा भाग चौथाईही नव्हता. हजारो मैल पाणी कापायला लागले थोडे, आणि दोन्ही काठांवरच्या चार-दोन मैलांनीच सगळे खाल्ले. कोणाला माल पाठवायचा असल्यास भाडे ठरवण्याआधी 'दारापासून दारापर्यंत किती' हे लेखी घ्यावे. आमच्यासारखे फसू नये.

ते पलीकडचे पैसे मी पाठवतो म्हणालो. बहीण म्हणाली, "राहू दे दादा." मी म्हणालो, "राहू द्यायचं एकदा झालं. आता नाही." ती काही बोलली नाही. पैसे पाठवले, तिने घेतले.

तपासणीत जाते सुटले. वरवंटा त्यांनी अधिक वेळ ठेवून घेतला. कसले हत्यार आहे अशी शंका आली असावी, असा तिचा अंदाज. घरी पोचल्यावर तिने फोनवरूनच खोके उघडून दाखवले. वरची तळी, खालची तळी, परात, बंब. सगळे धड होते. मग तिने वरच्या तळीच्या भोकात बोट घातले.

"दादा, खुंटा कुठंय?"

मी भोकांची हकीकत सांगितली. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "इथं निलगिरी पुष्कळ आहे. बसवीन मी एक. पण तो टाकू नकोस हं. येईन तेव्हा बघीन."

तिने खरोखरच निलगिरीचा खुंटा बसवला. गेल्या आठवड्यात तिने त्यावर भाजणी दळायला घेतली. मूठभर दळून हात भरून आल्यावर उरलेली मिक्सरला लावली म्हणे. आईचा खुंटा माझ्या टेबलावर आहे. उत्तरपत्रिका वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी तो त्यांवर ठेवतो.