जुन्या मोटारीचा पंचनामा

आमची जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार अकोटच्या बाजारपेठेंत उभी राहिली कीं तिचें इंजिन थडथडूं लागे, आणि एक्सिलरेटर दाबतांच क्षणभर अडखळे. वेग घेतल्यावर मात्र तक्रार नसे. एका मिस्त्रीनें कार्बोरेटरच बदलण्याचा सल्ला दिला. आमचा जन्म महसूल खात्यांत गेला. पंचनाम्यावांचून निकाल देणें आम्हांस रुचेना.

इंजिन तापल्यावर चोक किंचित् ओढून पाहिला, तों तें तत्काळ सुरळीत झालें. अर्थ उघड होता : पेट्रोलाच्या मानानें हवा अधिक जात होती. शोध घेतां कार्बोरेटरखालील पॅकिंगास चीर सांपडली. चोकानें फरक पडला नसता तर प्लग तपासावयाचे होते. थडथड मुळींच नसून नुसतें अडखळणें असेल, तर कार्बोरेटरांतील पंपाचा पडदा पाहावा. हें सर्व होण्यापूर्वीं नवा भाग विकत घेणें म्हणजे आमच्या मतें पैसा विहिरींत टाकणें होय.

एक कारण नवें आहे. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत इथेनॉलाचें प्रमाण २० टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉलांत प्राणवायु असल्यानें मिश्रण आणखी विरळ होतें, आणि जुन्या कार्बोरेटरास तें आपोआप सुधारतां येत नाहीं. जुन्या रबरी नळ्याही त्यानें खराब होतात. त्या वेळींच बदलाव्या. तें आपल्याच ऊंस-मक्यापासून होतें, तेव्हां शेतकऱ्यानें त्यास सरसकट नांवें ठेवावीं हें आम्हांस पटत नाहीं.

पॅकिंग बदलून आज मोटार ठीक चालते. कार्बोरेटराचे वांचलेले पैसे कपाशीच्या फवारणीस लागले.